डाव्या हाताने ढवळावे

शामकलाबाईंच्या हातचं खाऊन कधी कोणी आजारी पडलं नाही, आणि नवऱ्याचा मार खाऊन त्याही मेल्या नाहीत. गेल्या त्या साध्या काविळीनं, मागच्या वर्षी, दवाखान्याच्या खाटेवर. म्हणून तर त्यांच्या वाढदिवसाला नवेगाव बांधच्या तलावाकाठी एवढं थाटाचं वनभोजन घालता आलं. मार खाऊन मेलेल्या बाईच्या नावानं खीर शिजवायला चाळीस बायका काही जमल्या नसत्या.

जमल्या होत्या त्या सगळ्या त्यांच्या वाचक. शामकलाबाई वीस वर्षं गोंदियाच्या एका साप्ताहिकात शेवटच्या पानावर स्वयंपाक लिहीत होत्या. लाखोळीची भाजी, तलावाच्या मासळीचं कालवण, नव्या तांदळाची खीर, असं सगळं आपल्या इकडचं. पुढे त्याचं पिवळ्या कव्हरचं पुस्तक निघालं आणि गोंदियालगतच्या फुलचूरच्या नव्या घरांमधून, जिथं गॅसशिवाय चूल कोणी पाहिली नव्हती, तिथंही ते ओट्यावर जाऊन बसलं. हळदीचे डाग पडून पडून त्याची पानं जाड झाली. लग्न होऊन आलेल्या पोरींना सासूपेक्षा त्या पुस्तकाचा आधार वाटायचा, कारण पुस्तक टोमणे मारत नसे.

त्या पुस्तकात जवळजवळ प्रत्येक पानावर एक वाक्य होतं. ‘डाव्या हाताने, सावकाश ढवळावे.’

या वाक्यानं बायकांना वेड लावलं होतं. डावा हात स्वयंपाकात चालत नाही, वाढायला तर नाहीच नाही, आणि ही बाई खुशाल लिहिते की डाव्या हातानं ढवळा. कोणी म्हणे, डाव्या हाताला घाई नसते, म्हणून दूध लागत नाही. कोणी म्हणे, त्यामुळे उजवा हात वाढायला कोरडा राहतो. आणि गंमत अशी की करून पाहिलं तर कढी खरोखर फुटत नव्हती. मंडळाच्या अध्यक्ष सुमित्राबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, यांनी तर या विषयावर दोन भाषणं दिली होती. आजच्या वनभोजनाची कल्पनाही त्यांचीच. तीन-तीन दगडांच्या बारा चुली मांडायच्या आणि बाईंच्या आठवणीत सगळा स्वयंपाक सगळ्यांनी डाव्या हातानं करायचा.

बारा चुलींचा धूर तलावावर पसरला होता आणि चाळीस बायका पदर खोचून, हसत-खिदळत, डाव्या हातानं गंज, म्हणजे मोठाली पातेली, ढवळत होत्या. शामकलाबाईंची मुलगी अंजू एका चुलीपाशी उभी राहून हे बघत होती, पण तिनं ढवळायला हात लावला नव्हता.

कारण तिला माहीत होतं. ती नऊ वर्षांची असताना एकदा कढी फुटली होती. केशोराव, म्हणजे तिचे वडील, पानावरून उठले, खलबत्त्यातला लोखंडी बत्ता त्यांनी उचलला आणि ढवळत असलेल्या बायकोच्या उजव्या मनगटावर मारला. एकदा मारून हात खाली पडला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारला. अंजू दारात होती. हाड मोडल्याचा आवाज वाळकी काटकी मोडल्यासारखा येतो हे तिला त्या दिवशी कळलं. आईनं किंचाळी फोडली नाही. तिनं आधी डाव्या हातानं कढीचा गंज चुलीवरून उतरवला, कारण ती सांडली असती तर आणखी मार पडला असता. मग ती खाली बसली. गावात सांगितलं गेलं की तलावाच्या बांधावरून, पाळीवरून, पाय घसरला. गावच्या हाड बसवणाऱ्यानं ते वाकडंच बसवलं आणि त्या हातात पुन्हा कधी ढवळायचा सराटाही धरवला नाही, पेनही धरवलं नाही.

त्यामुळे ते पुस्तक लिहिलं अंजूनं. आई सांगायची आणि शाळकरी अंजू वहीत उतरवायची. ‘डाव्या हातानं’ हे आईनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अंजूनं विचारलं होतं, हे कायले लिहाचं? आई म्हणाली, “मी करतो तसंच सांगून राहिली. खोटं कायले लिहू?” अंजूनं लिहिलं. का, ते मात्र लिहिलं नाही. ना तिनं तेव्हा, ना पुढे कधी कोणाला सांगितलं. लग्न झालं, वीरेंद्रसारखा गरीब स्वभावाचा नवरा मिळाला, फुलचूरला घर झालं, आणि मार आपल्या आयुष्यातून गेला असं ती धरून चालली.

आज ती आईसाठी आलीच नव्हती. ती आली होती भावजयीसाठी. धाकट्या भावाचं, चंद्रकुमारचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. प्रेरणा देवरीकडची, तोंडानं गोड, उंचीनं लहानशी. तीन आठवड्यांपासून ती फोन उचलत नव्हती. तिच्या आईनं देवरीहून अंजूला फोन केला होता, “बाई, तुमीच पाहून या व. माह्या पोरीचा आवाज नाई आयकला मी तीन हप्त्यांपासून.” अंजू दोनदा माहेरी जाऊन आली. दोन्ही वेळा केशोरावांनी दारातूनच सांगितलं की सून झोपली आहे. वनभोजनाला मात्र घरच्या सुनेला आणावंच लागणार होतं, लोकांत दिसायला. सुमित्राबाईंनी तसा आग्रहच धरला होता. तेव्हा आज पोरीला डोळ्यांनी बघायचं आणि काही भलतंसलतं दिसलं तर इथूनच देवरीला पोचवायचं, हे अंजूनं घरून निघतानाच ठरवलं होतं.

प्रेरणा आली होती. मधल्या चुलीवर खिरीचा मोठा गंज होता आणि मानाची सून म्हणून तिला तिथं उभं केलं होतं. अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर, त्यावर शाल, उजवा हात शालीच्या आत. लांब दांड्याचा लोखंडी सराटा तिच्या डाव्या हातात होता आणि ती तो सफाईनं फिरवत होती. बाकीच्या बायकांचे डावे हात अडखळत होते, दूध सांडत होतं, हशा पिकत होता. हिचा हात मात्र सरावाचा दिसत होता. जराशा अंतरावर चंद्रकुमार गाडीला टेकून मोबाईल बघत होता, आणि दर मिनिटाला मान वर करून बायकोकडे बघत होता.

केशोराव सावलीत खुर्चीवर बसले होते. गळ्यात झेंडूचा हार, हातात पितळी मुठीची काठी. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर शामकलाबाईंचा फोटो ठेवला होता, तो मघाशी कोणीतरी फुलं वाहायला उचलून झाडाखाली नेला. बायका येऊन म्हाताऱ्याच्या पाया पडत होत्या. म्हातारा डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत होता. हाच तो हात, असं अंजूच्या मनात येत होतं, आणि ती नजर दुसरीकडे वळवत होती.

तेवढ्यात सुमित्राबाई साखरफुटाण्यांचं ताट घेऊन निघाल्या. एकेका चुलीपाशी जाऊन त्या प्रसाद देत होत्या. बायका डाव्या हातानं ढवळत होत्या आणि मोकळा उजवा हात पुढे करत होत्या. प्रेरणापाशी त्या आल्या तेव्हा तिनं सराटा गंजाच्या काठाला टेकवून ठेवला आणि डावा हात पुढे केला.

“अगं, उजवा कर,” सुमित्राबाई म्हणाल्या. मग आपल्याच ध्यानात काही आल्यासारखं त्या खुलल्या आणि मागे वळून ओरडल्या, “पाहा गं बायांनो. प्रसादसुद्धा डाव्या हातानं. सासूचा वसा घेतला पोरीनं.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. दोघी-तिघींनी फोटो काढले. रिकामा उजवा हात असताना प्रसादाला डावा हात पुढे करणारी सून या जिल्ह्यात अजून जन्मायची होती. चाळीस बायका हौसेनं डाव्या हातानं ढवळत होत्या. एकटीला दुसरा हातच नव्हता.

खिरीत वेलदोडा टाकायचं निमित्त करून अंजू तिच्याजवळ गेली आणि गाडीकडे पाठ करून उभी राहिली. तिनं शाल बाजूला केली. मनगट फुगून कोपरापर्यंत निळंकाळं पडलं होतं. अंगठा वाकडा होता.

“काय झालं व?”

“काई नाई ताई. पाय घसरला, मोरीत.”

“कधी?”

“बुधवारी.”

आज रविवार होता. चार दिवस पोरीनं तो हात तसाच वागवला होता. अंजूच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिनं आवाज चढवला नाही.

“दवाखान्यात नेलं?”

“हे म्हनाले, बसते आपोआप.”

“आन् तुझी आई फोन करून राहिली, तं उचलत काऊन नाई?”

“फोन त्यायच्यापाशी आहे.” प्रेरणाचे डोळे गंजावरून हलले नाहीत. “आईसंग बोलाले मांगला, म्हनून तं...” आणि ती थांबली.

अंजूनं वेलदोड्याची पूड टाकली. मग अंजू हळूच म्हणाली, “आयक. जेवायची पंगत बसली का तू बाजूले जातो म्हनून निघ. त्या आंब्यामागं मनिरामची जीप आहे, मी त्याले सांगून ठेवतो. तिथून सरळ देवरी. वाटेत दवाखाना. मी संग आहे.”

“मारतील, ताई.”

“कोनाले?”

“आधी मले. मंग तुमाले.”

“माराले हात पोचला पाह्यजे ना. आपण राहूनच नाई राह्यलो तिथं.”

प्रेरणानं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग ती हो म्हणाली, इतक्या हळू की ओठ हलले एवढंच दिसलं. अंजू सामान घेऊन आलेल्या जीपवाल्या मनिरामकडे गेली. तो जीपच्या टपावरच्या सतरंज्या उतरवत होता. त्याला तिनं सांगितलं, देवरीला जायचं, पेशंट आहे, कोणाला बोलू नको. तो म्हणाला, बसवा, पाच मिनिटांत काढतो. सगळं जमलं होतं. पंगतीला दहा मिनिटं उरली होती. दहा मिनिटं तोंड बंद ठेवायचं, बाकी काही करायचं नव्हतं. तोंड बंद ठेवण्यात अंजूचा हात धरणारं कोणी नव्हतं, पंचवीस वर्षांचा सराव होता.

पण पंगतीआधी भाषण ठरलेलं होतं. सुमित्राबाईंनी माईक केशोरावांच्या हातात दिला आणि विचारलं, “केशोरावजी, आम्हा सगळ्यांना एकच विचारायचं आहे. बाईंना ही डाव्या हाताची विद्या आली कुठून?”

केशोराव उठले. माईकवर त्यांनी दोनदा फुंकर मारली. बोलायला त्यांना आवडायचं.

“आमी तलाव बांधनारे लोक,” ते म्हणाले. “आमच्या वाडवडिलांनी पाळी घातल्या तवा कुठी या मुलकात धान पिकलं. मातीले कसं ठोकाचं, कसं दाबाचं, ते आमाले कोनी शिकवा लागत नाई. ते रक्तातच आहे. बायको काई घरून शिकून आली नोहती. कढी फोडे ते. मंग मी तिले शिकवलं.” ते थांबले, हसले आणि काठीची मूठ त्यांनी दुसऱ्या तळहातावर दोनदा आपटली. “तो डावा हात माह्यीच करनी म्हना. तुमच्या पुस्तकात माह्यं नाव नाई, पन श्रेय माह्यंच.”

बायका हसल्या. टाळ्या पडल्या. “असा नवरा पाहिजे बाई,” असं कोणीतरी मागून म्हणालं.

अंजूला तिथं गप्प बसायचं होतं. ती गप्प बसली असती तर ही गोष्ट देवरीला, पोरीच्या आईच्या घरी, चहा पीत संपली असती. आयुष्यभर जिनं मूग गिळले तिला नेमकी तेव्हाच दहा मिनिटं दम निघाला नाही. ती चुली ओलांडत गेली आणि बापाच्या हातातून तिनं माईक हिसकावला.

“बत्त्यानं शिकवलं,” ती म्हणाली. स्वतःचा आवाज भोंग्यातून आल्यावर ती दचकली, पण थांबली नाही. “माह्या आईचं उजवं मनगट यानं बत्त्यानं मोडलं. दोनदा मारलं. मी पाह्यलं. तिचा हात चालत नोहता म्हनून ते डाव्या हातानं ढवळे. तुमी चाळीसजनी त्याची पूजा करून राहिल्या.”

चुलींवरचे डावे हात थांबले. मग एकदम गलका झाला. कोणी म्हणालं, वेड लागलं काय हिला. कोणी म्हणालं, सख्ख्या बापाबद्दल असं बोलवतं कसं, आणि तेही आईच्या वाढदिवसाला. दोघीजणी माईक घ्यायला धावल्या आणि त्या ओढाओढीत अंजूच्या हाताला नखं लागून रक्त आलं. एकीनं तिला मागून ढकललं. ती गुडघ्यावर पडली आणि उठली. पुस्तकाच्या प्रेमातल्या या बायकांना बाईंच्या मनगटावरचा घाव सोसवत नव्हता, आणि त्याचा राग बोलणारीवर काढणं सोपं होतं.

“तोंड सांभाळ, अंजू,” सुमित्राबाई कडाडल्या. शाळेतला आवाज होता तो. “पंधरा वर्षं मी बाईंच्या घरी जात होते. एका शब्दानं कधी बोलल्या नाहीत.”

“तुमी खायले येत होत्या बाई,” अंजू म्हणाली. “पाहायले नाई.”

सुमित्राबाईंचा चेहरा पडला. त्या काही बोलणार तोच केशोरावांची काठी आली. म्हाताऱ्यानं उभ्या जागेवरून, घाई न करता, ती उलटी धरली आणि पितळी मूठ पोरीच्या कपाळावर मारली. चाळीस बायकांसमोर, भरदुपारी. अंजूच्या भुवईवर चीर पडली आणि रक्त डोळ्यात उतरलं. केशोराव परत खुर्चीत नीट बसले. आपण काही जगावेगळं केलं असं त्यांना वाटलेलंच दिसत नव्हतं.

आता मात्र बायका दोन पावलं मागे सरकल्या. तेवढ्यात चंद्रकुमार गाडीपासून निघून चुलीपर्यंत आला होता. “दीदी, तमाशा मत कर,” तो म्हणाला, “घर की बात घर में.” आणि मग बायकोला, “चल, बस गाडीत.” त्यानं तिचा हात धरला. शालीच्या आतला, उजवा. धरून ओढला.

प्रेरणा किंचाळली. माणूस असं किंचाळतं हे त्या बायकांतल्या बहुतेकींनी पहिल्यांदाच ऐकलं असेल. गुडघे वळून ती खाली गेली आणि तो तिला त्याच हातानं ओढतच राहिला. शाल निसटली, बाही वर सरकली, आणि तो निळा, सुजलेला, वाकडा हात सगळ्यांनी पाहिला. ज्यांनी मघाशी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनीही पाहिला.

अंजूनं खिरीतला सराटा उचलला. दोन्ही हातांनी वर नेला आणि भावाच्या मनगटावर आणला. आवाज आला. तिला ओळखीचा आवाज. चंद्रकुमारची पकड सुटली, तो ओरडत वाकला, आणि खरं म्हणजे काम तिथं झालं होतं. प्रेरणा सुटली होती. पण अंजू थांबली नाही. तिनं दुसरा घाव खांद्यावर घातला. तिसरा पाठीवर. सराट्याला लागलेली कढत खीर त्याच्या मानेवर चिकटली, तो मातीत लोळायला लागला, आणि ती त्याच्यावर उभी राहून मारत गेली. ‘कढी फुटली? फुटली कढी?’ असं ती म्हणत होती, हे तिला नंतर दुसऱ्यांनी सांगितलं. तिला स्वतःला एवढंच कळत होतं की बरं वाटतंय. पंचवीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. चंद्रकुमार डोकं दोन्ही कोपरांत घालून, “दीदी, नको, दीदी,” म्हणत होता. लहानपणी, बाप घरी आला की हाच भाऊ तिच्या मागे येऊन लपायचा, तेव्हाही असंच म्हणायचा. तिनं ते ऐकलं आणि तरी आणखी एकदा मारलं.

शेवटी सुमित्राबाईंनी मागून तिची कंबर धरली. आणखी तिघी धावल्या. सराटा काढून घेताना एकीचा हात भाजला. “सोड, मरंल तो,” सुमित्राबाई तिच्या कानाशी ओरडत होत्या, “सोड म्हणते ना.” अंजूनं सोडलं. तिच्या छातीचा भाता चालला होता आणि रक्तानं डावा डोळा मिटला होता.

खिरीचा गंज कलंडून चूल विझली होती. त्या चिखलात प्रेरणा बसली होती. अंजू तिच्याजवळ गेली. तिला उठवायचं, जीपमध्ये बसवायचं, देवरीला न्यायचं, मघाशी ठरलं तसं. तिनं हात पुढे केला.

प्रेरणानं झटक्यात मान खाली घातली आणि डावा हात डोक्यावर आडवा धरला.

अंजूचा हात तसाच राहिला. हे तिनं घरात शंभरदा पाहिलं होतं. बाप नुसता उठून पाणी प्यायला गेला तरी आई अशीच व्हायची. तिला सांगायचं होतं की अगं, मी आहे, अंजू आहे. “प्रेरणा, मी,” एवढंच तिनं म्हटलं. प्रेरणानं हात खाली केला नाही. ती बसल्या बसल्याच मागे सरकत गेली, सुमित्राबाईंच्या पायांपर्यंत, आणि त्यांच्या लुगड्याचा काठ तिनं मुठीत धरला.

सुमित्राबाईंनी तिला उठवलं. मुख्याध्यापिका परत कामाला लागल्या, पण आवाज बसला होता. दोघींना त्यांनी चंद्रकुमारच्या मानेवर पाणी ओतायला लावलं, एकीला पोलिसांना फोन करायला, एकीला त्याला दुसऱ्या गाडीतून नेण्याची व्यवस्था बघायला. प्रेरणाला त्यांनी स्वतःच्या शालीत गुंडाळलं आणि मनिरामच्या जीपपर्यंत नेलं. अंजू मागोमाग गेली. प्रेरणानं एकदा वळून पाहिलं आणि सुमित्राबाईंना काहीतरी सांगितलं.

सुमित्राबाई दोन पावलं परत आल्या. अंजूच्या कपाळाकडे बघत त्या म्हणाल्या, “मी नेते तिला. आधी दवाखाना, मग ठाणं, मग तिच्या आईकडे. मी सोडणार नाही तिला, तू काळजी करू नको.” मग म्हणाल्या, “तुझ्यासंग नाही म्हणते ती. भिऊन राहिली.”

“मले?”

“हो.”

जीप आंब्यामागून निघाली, तलावाच्या पाळीवर चढली आणि देवरीच्या वाटेला लागली. अंजूला जे हवं होतं ते झालं होतं. पोरगी त्या घरातून सुटली होती. आणि अंजूपासूनही सुटली होती. बायका पांगून आपापल्या चुली विझवत होत्या. भांडी आवाज न करता उचलत होत्या. अंजू मध्ये आली की बाजूला होत होत्या. मघाशी जिनं तिला ढकललं होतं तिनं पाण्याचा तांब्या आणून तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवला आणि ती लगेच मागे झाली.

केशोराव खुर्चीतून हलले नव्हते. पोराला गाडीत घालून नेलं तेव्हाही ते उठले नाहीत. ते अंजूकडे बघत होते, डोक्यापासून पायापर्यंत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चौतीस वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

“मले वाटे, पोरगा माह्यावर गेला,” ते म्हणाले. “त्याच्यात काई दम नाई. तू गेली माह्यावर.”

त्यांनी काठीनं शेजारची रिकामी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

“ये, बस इथी.”

बापानं तिला आजवर शेजारी बसायला कधी बोलावलं नव्हतं. अंजू बसली नाही. पण त्यांचं म्हणणं खोटं आहे असं सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि तिच्याच्यानं ते बोलवलं नाही.